सावड

मेहकरकडच्या आमच्या गावात बाबांकडे एकच बैल होता, शेजारच्या काकांकडेही एकच. वखरणीचे दिवस आले की दोघं सावड करायचे. आज आमचं वावर, उद्या त्यांचं.

परवाच्या उन्हाळ्यात बाबांच्या टाचेत पऱ्हाटीचं धसकट घुसलं. शुगर असल्यानं दीड महिना झाला तरी जखम भरेना. शेवटी डॉक्टरांनी एक जेल लिहून दिलं. त्यात एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर होता. रोज जखम धुऊन मी ते लावायचो, आणि ते करतं तरी काय, हे रात्री वाचत बसायचो.

५३ अमिनो आम्लांचा एवढासा रेणू. स्टॅनली कोहेन यांना तो उंदराच्या लाळग्रंथीत सापडला. त्या ग्रंथींचा अर्क टोचलेल्या पिल्लांचे डोळे वेळेआधीच उघडत होते! १९८६चं नोबेल त्यांना रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासोबत मिळालं. लाळेचं वाचलं आणि गोठ्यात वासराला चाटत उभी असलेली गाय डोळ्यांपुढे आली.

निरोप द्यायला या रेणूला पेशीच्या आत जावं लागत नाही. पेशीच्या आवरणात त्याचा रिसेप्टर रोवलेला असतो, अर्धा बाहेर, अर्धा आत. एरवी तो एक हात अंगाशी दुमडून बसलेला. रेणू येऊन बिलगला की तो ताठ होतो, हात मोकळा होतो आणि तसाच मोकळा झालेला शेजारचा हात धरतो. शाळेतली कुलूप-किल्लीची उपमा इथं पुरत नाही. ही सावड आहे. आतल्या बाजूला एक दुसऱ्याला रेटतो, रेटा बसलेला जागा होतो, शेपटांवर फॉस्फेट डकवले जातात. तिथून निरोप हातोहात केंद्रकापर्यंत पोचतो. मग पेशी विभागते, जखमेच्या कडेची कातडी आत सरकते. न भरणाऱ्या जखमेत मात्र शरीराचे हे निरोप प्रथिनं पचवणारी विकरं वाटेतच तोडून टाकतात. म्हणून जेल बाहेरून लावायचं.

याच घराण्यातल्या हर-टू रिसेप्टरचा हात कायम बाहेरच असतो, त्याला निरोपाची वाट बघावी लागत नाही. स्तनांच्या काही कर्करोगांत त्याची पेशीवर गर्दी होते. वाढीचे निरोप सुटतच राहतात. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

चौथ्या आठवड्यात टाचेच्या कडेनं गुलाबी कातडी दिसू लागली. मी बाबांना सावडीचंच सांगितलं. त्यांनी आरसा मागितला, पाय उचलून टाच बराच वेळ निरखली.

"डवरणीपावतर वावरात जाता येईन ना?"