लेकीचं मत, जावयांचं मत आणि आमच्या बस्तीतला फलक



झुरिचहून लेकीकडून परत आले त्याला आता दोन महिने होऊन गेले. तिथे कंदमुळाशिवाय स्वयंपाक कसा निभावला आणि नऊ वाजून गेले तरी सूर्य मावळत नाही म्हटल्यावर संध्याकाळच्या जेवणाची कशी चैन झाली, हे मागे सांगितलंच आहे. आजचं मात्र लिहू की नको, असं करत करत पर्युषण उलटलं. क्षमावणीच्या दिवशी एक गोष्ट घडली आणि ठरवलं की लिहायचंच.

सुरुवात झाली इंटरलाकेनला. जूनमधला रविवार. लेक, जावई, नात आणि मी सकाळच्या गाडीने गेलो. समोर बर्फाचे डोंगर, मधे मोठं हिरवं मैदान. दशम्या आणि तिळाची चटणी घेऊन आम्ही बाकावर बसलो. शेजारच्या बाकावर एक अरब कुटुंब होतं. बाई पायघोळ काळ्या झग्यात, डोक्याला घट्ट काळा रुमाल, पण चेहरा उघडा. मुलाबरोबर आईस्क्रीम खात होती. मी सहज म्हणाले, "बरं झालं बाई इथे कायदा केला. बिचारीच्या तोंडाला वारा तरी लागला."

जावई म्हणाले, "बरोबर बोललात, आई. म्हणून तर मी 'हो' म्हणून मत दिलं होतं."

लेक म्हणाली, "आणि मी 'नाही' म्हणून."

एका घरात दोन मतं! आमच्याकडे निवडणुकीत घरातल्या सगळ्यांचं मत जेवणाच्या ताटावरच ठरतं. मला नवलच वाटलं. मग परतीच्या गाडीत आणि पुढचे तीन-चार दिवस स्वयंपाकघरात हाच विषय चालला.

आधी तिथली पद्धत सांगते. स्वित्झर्लंडमध्ये लोक फक्त माणसं निवडून देत नाहीत, कायद्याच्या प्रश्नांवरही मत देतात. दीड वर्षात १ लाख सह्या गोळा केल्या की कोणालाही राज्यघटनेत बदल सुचवता येतो. घरी टपालाने पाकीट येतं, सोबत सरकारची माहितीपुस्तिका. बहुतेक लोक घरीच मत लिहून पाकीट परत पाठवतात. लेक-जावई दोघंही आता तिथले नागरिक. त्यामुळे ७ मार्च २०२१ च्या मतदानाची दोन पाकिटं त्यांच्या जेवणाच्या टेबलावर शेजारी-शेजारी पडली होती. त्यात एक प्रश्न होता इंडोनेशियाशी व्यापाराचा, म्हणजे पाम तेलाचा. आणि एक होता सार्वजनिक जागी चेहरा झाकण्यावर बंदी घालायची का.

बंदीचा प्रस्ताव आणणारी समिती तीच, जिने २००९ मध्ये मशिदीच्या नव्या मिनारांवर बंदी आणवली होती. प्रस्तावात कुठल्याही धर्माचं नाव नव्हतं, पण प्रचाराच्या पोस्टरवर नकाबातली बाई होती. सरकार स्वतः म्हणत होतं की बंदी नको. शेवटी ५१.२ टक्के लोकांनी हो म्हटलं. झुरिच, जिनिव्हा आणि बासेल शहराने नाही म्हटलं, तरी देशभरात प्रस्ताव मंजूर झाला. १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू आहे आणि दंड १००० फ्रँकपर्यंत होऊ शकतो. गंमत म्हणजे मतमोजणीच्या त्या दिवसांत कोरोनामुळे दुकानात, गाडीत सगळ्यांनाच तोंडाला मास्क बांधून फिरावं लागत होतं!

जावयांचं म्हणणं साधं होतं. "समोरच्याचा चेहरा दिसला की विश्वास वाटतो. आणि घरचे सक्ती करत असतील तर त्या बाईला कायद्याचा आधार हवा." प्रस्तावात तसं कलमही होतं, स्त्री किंवा पुरुष असल्याच्या कारणावरून कोणावरही चेहरा झाकण्याची सक्ती करता येणार नाही. तिथल्या काही मुसलमान बायकांनीही बंदीला पाठिंबा दिला होता. काही मुसलमान बायका कडाडून विरोधातही होत्या. मला जावयांचं पटत होतं.

लेक म्हणाली, "लुत्सर्नच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी अंदाज केला होता, की अख्ख्या देशात नकाब घालणाऱ्या बायका तीसच्या आसपास आहेत. तेव्हा देशाची वस्ती होती ८६ लाख. तीस बायकांसाठी अख्ख्या देशाने मत द्यायचं? पाळणाघराच्या बिलाने आमचा अर्धा पगार जातो, त्यावर बोलायला पक्षांना अभ्यास करावा लागतो. बाईच्या कपड्यांवर बोलायला काही लागत नाही. आणि सक्ती नवऱ्याने केली असेल तरी रस्त्यात पावती फाटणार ती तिच्या नावाची."

"तीस असोत की तीन, तत्त्व तत्त्व असतं," जावई म्हणाले.

तेव्हा लेकीने त्यांना असं काही विचारलं की ते गप्पच झाले. जावई अहिल्यानगरचे, स्थानकवासी घरातले. त्यांच्या आत्याने दीक्षा घेतली आहे. लेक म्हणाली, "आपल्या आत्या-महाराज समजा इथल्या रस्त्यावर आल्या तर?"

आता महासतीजी पायीच विहार करतात, त्या कशाला स्वित्झर्लंडला येतील! पण प्रश्न खराच होता. तोंडावर मुहपत्ती अष्टौप्रहर. जावई जरा वेळाने म्हणाले, "मुहपत्ती चेहरा झाकायला नसते गं, जीवदयेसाठी असते."

"ते तुला ठाऊक आहे. रस्त्यातल्या पोलिसाला कोण सांगणार? कायद्यात सूट आहे ती प्रार्थनास्थळाला, तब्येतीला, थंडीला, इथल्या परंपरेच्या सणांना. अहिंसेचं नाव काही मला त्यात दिसलं नाही."

मैत्रिणींनो, इथपर्यंत मी भाजी निवडत मजा बघत होते. वाद त्या दोघांचा होता. मग लेक माझ्याकडे वळली.

मी म्हटलं होतं, "आपल्याकडे पदर होता, पण तो वेगळा. मला कधी त्रास नाही झाला त्याचा." माझं लग्न १९८३ चं. सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळायचा नाही. ढळला की सासूबाई बोलायच्या नाहीत, नुसत्या खाकरायच्या. हातात उलथनं असो की कडेवर मूल असो, आधी पदर. सवय झाली होती.

लेक म्हणाली, "त्रास नव्हता ना? मग आजी गेल्यावर तू घरात एकदा तरी डोक्यावर पदर घेतलास का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच नव्हता घेतला. सासूबाई गेल्या आणि तो पदर आपोआप खांद्यावर आला. कोणी सांगितलं नाही, मी ठरवलंही नाही. पण बस्तीत दर्शनाला गेले की आजही मी डोक्यावर पदर घेते. तिथे कोणी खाकरत नाही. पदर घेतला की मन गोळा होतं, म्हणून घेते.

त्या रात्री झोप लागली नाही. पदर तोच, डोकं तेच. एक मी टाकला आणि एक जपला. बाहेरच्या माणसाने दोन्ही वेळेस मला पाहिलं असतं, तर कुठला सक्तीचा आणि कुठला माझा, हे त्याला कळलं असतं का? मग त्या बाकावरच्या बाईचं मला एका नजरेत काय कळलं होतं? तिला वारा हवा होता की नको, हे मी तिला कुठे विचारलं?

कपड्यावरून बाई मोकळी की बांधलेली हे ठरवायची आपल्याला फार घाई असते. माझ्या सासूबाई डोईवर पदर घेऊन १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत मत देऊन आल्या होत्या. त्याच वेळी स्वित्झर्लंडच्या बायका हव्या त्या कपड्यात फिरत होत्या, पण देशाच्या निवडणुकीत मत देऊ शकत नव्हत्या. तिथल्या पुरुषांनी १९५९ मध्ये एकदा नकार दिला आणि ७ फेब्रुवारी १९७१ ला कुठे होकार दिला. आपेन्झेल इनररोडेन नावाच्या एका छोट्या प्रांतात तर स्थानिक मतदानासाठी १९९० मध्ये न्यायालयाला सांगावं लागलं.

आणि आपल्या घरातलं बघा. आपण दिगंबर. आपल्या परंपरेत वस्त्रत्यागाशिवाय पूर्ण मुनिपद नाही, स्त्रीला वस्त्रत्याग नाही, म्हणून स्त्रीपर्यायातून मोक्ष नाही. श्वेतांबर बंधू-भगिनी हे मानत नाहीत. त्यांच्या मते एकोणिसावे तीर्थंकर मल्ली स्त्रीच होते. या प्रश्नावर शतकानुशतकं ग्रंथ लिहिले गेले. मी त्यात कोण बरोबर हे सांगायला पंडित नाही, माझी श्रद्धा जिथे आहे तिथे आहे. पण वाद बाईच्या वस्त्राचा आणि लिहिणारे सगळे मुनी-आचार्य. एखाद्या आर्यिकेने यावर लिहिलेलं माझ्या वाचनात कधी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी लेकीने हळूच विचारलं, "आई, बस्तीतला तो फलक अजून आहे?"

आहे. २०१९ मध्ये ट्रस्टच्या मीटिंगमध्ये ठरला. मजकूर त्यांनी दिला, आणि अक्षर चांगलं म्हणून पेंटरसाठी कच्चा मसुदा मी लिहून दिला. महिलांसाठी सहा ओळी होत्या. साडी किंवा ओढणीसह पंजाबी ड्रेस. जीन्स, पँट, बिनबाह्यांचे कपडे घालून प्रवेश नाही. पुरुषांसाठी एकच ओळ होती. अभिषेकाला धोतर-दुपट्टा हवा. त्या अभिषेकाच्या नियमाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पूजेचं सोवळं सगळ्यांना सारखं, आणि देवळाचा नियम म्हणजे सरकारचा दंडही नव्हे. पण आमच्या सहा ओळी पूजेच्या नव्हत्या, नुसतं दारात उभं राहून हात जोडण्याच्या होत्या.

फलक लागला त्याच महिन्यात आमच्या गल्लीतली एक मुलगी सकाळी दर्शनाला आली. कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला होती, रात्रपाळी करून थेट आली होती. अंगात कंपनीचा पँट-शर्टचा गणवेश. दारात मी होते. मी फलकाकडे बोट दाखवलं. ती काही बोलली नाही, वळून गेली. पुन्हा ती बस्तीत दिसली नाही. आम्ही म्हणायचो, आजकालच्या मुलींना धर्माची ओढ नाही.

यंदा क्षमावणीला मी तिच्या घरी गेले. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं. मी हात जोडून म्हटलं, "त्या दिवशी तुला परत पाठवलं, मला क्षमा कर."

ती म्हणाली, "काकू, मला देवदर्शनाशिवाय न जेवायचा नेम आहे. लहानपणी माताजींकडून घेतलेला. त्या दिवसापासून कामावरून येताना रस्त्यावरूनच शिखराला हात जोडते आणि मग घरी येऊन जेवते. नेम मोडला नाही मी."

सहा वर्षं! आम्ही आत दिवा लावत होतो आणि ती रस्त्यावर उभी राहून नेम पाळत होती. पाणी माझ्या घशाखाली उतरेना.

गेल्या आठवड्यात महिला मंडळात मी विषय काढला. निम्म्या जणी म्हणाल्या, फलक बदलूया. एक वयस्कर काकू म्हणाल्या, "मर्यादा सोडली तर देऊळ आणि बाजार यात फरक काय राहील?" त्यांचंही चूक म्हणवत नाही. अनेकांत आपण सभेत सांगतो, तो मंडळाच्या सतरंजीवर बसून पाळणं किती अवघड, हे त्या दिवशी कळलं. ट्रस्टने पुढच्या बैठकीला घेऊ म्हणून सांगितलंय. मी एवढंच लिहून दिलंय, की यावेळी मजकूर ठरवताना ज्या मुली कामावरून थेट येतात, त्यांना आधी बोलवा.

लेकीला फोनवर हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, "त्या बंदीवर मला मत द्यायचं असतं तर काय दिलं असतं, ते अजून ठरत नाही बघ." ती हसून म्हणाली, "आई, निदान आता पाकीट उघडून वाचशील तरी!"

तुमच्या बस्तीच्या दारात असा फलक असेल, तर तो वाचून कोणी परत गेलं का, हे एकदा बघाल का? आणि गेली असेल तर तिच्या घरी जाऊन याल का? मला जरूर कळवा.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र!