पडणं कुठे परवडतं

अ‍ॅडव्हेंचर बाइकला बटण टायरच हवेत, हे मत मी बरीच वर्षं बाळगलं आणि ओळखीच्या लोकांच्या गळीही उतरवलं. रस्त्याच्या टायरवर हिमालयन चालवणाऱ्याला मी मनातल्या मनात एक पायरी खाली बसवायचो. आज माझ्याच गाडीला रस्त्याकडे झुकलेले टायर आहेत, आणि ते मी नाइलाजाने घेतलेले नाहीत.

जुन्या मताला तर्क होता. वाटेतला सगळ्यात वाईट तुकडा डोळ्यांसमोर ठेवून टायर घ्यावा. डांबरावर काय, कुठलाही चालतो. चिखलात बारीक नक्षी भरून गेली की टायर गुळगुळीत होतो. बटण टायरवरच्या रबरी ठोकळ्यांमध्ये, म्हणजे बटणांमध्ये, मोकळी जागा असल्यामुळे चाक फिरताना चिखल झटकला जातो आणि बटणांच्या कडा जमिनीत रुतून गाडी पुढे काढतात. कोकणात जांभ्याच्या लाल मातीची ओली वाट चढताना हा फरक हँडलमध्ये कळतो. हे मी आजही नाकारत नाही. शिवाय, खरं सांगायचं तर, बटण टायरवर गाडी दिसते झकास. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असली तरी नुकतीच स्पीतीहून आल्यासारखी ऐट. त्या ऐटीचाही माझ्या निर्णयात वाटा होता, बहुधा तर्कापेक्षा मोठा.

मत हलायला लागलं ते पावसाळ्यात ताम्हिणी घाट उतरताना. घसरलो वगैरे काही नाही. पण वळणावर गाडी झुकवली की टायर लगेच रस्ता धरायचा नाही, किंचित लचकून मग धरायचा. याचं कारण साधं आहे. बटणं उंच असतात, भार आला की प्रत्येक बटण थोडं वाकतं. चिखलात उपयोगी पडणारी मधली मोकळी जागा डांबरावर निव्वळ न टेकलेली जागा ठरते. रस्त्याच्या टायरचं जास्त रबर जमिनीला लागतं आणि त्यावरच्या बारीक चिरा खालचं पाणी फोडतात. घाटात तर नुसतं पाणीही नसतं. कडेला शेवाळ, मध्ये रंगवलेले पट्टे, एखाद्या ट्रकने सांडलेलं डिझेल.

तेव्हापासून एक हिशोब डोक्यातून जाईना. चिखलात मी पडतो तेव्हा वेग ताशी 15 किलोमीटर असतो. कपडे माखतात, फार तर क्लचची लिव्हर वाकते, मित्र आधी फोटो काढतात आणि मग उचलायला येतात. घाटातल्या ओल्या डांबरावर वेग 60 असतो आणि वळणापलीकडून एसटी येत असते. वेग चौपट झाला की धडकेची ऊर्जा सोळापट होते. म्हणजे मी टायरची सगळी पुण्याई जिथे पडणं स्वस्त आहे तिथे खर्च करत होतो, आणि जिथे पडणं परवडणारच नाही तिथे हात आखडता घेत होतो.

पुढे टायर बदलायची वेळ आली तेव्हा उरलासुरला वादही मिटला. पुढच्या टायरवरून तळहात एका दिशेने फिरवला तर सरळ जायचा, उलटा फिरवला की करवतीसारखे दाते लागायचे. प्रत्येक बटणाची एक कड झिजलेली, दुसरी उभी. मागच्या टायरची मधली रांग सपाट झालेली. कडेची बटणं मात्र जवळजवळ कोरी, साच्यातून निघताना राहिलेले रबराचे केस काहींवर अजून शाबूत. पंक्चरवाल्याने एकदा बघितलं आणि म्हणाला, “दादा, बटणं चिखलासाठी असतात. तुमची डांबरानेच खाल्ली.”

मी कुठे फिरतो याबद्दल माझ्यापेक्षा माझा टायर जास्त खरं बोलत होता. टायर किती टक्के रस्त्यासाठी आणि किती कच्च्या वाटेसाठी हे सांगणारे विक्रीच्या भाषेतले 50-50 किंवा 80-20 हे आकडे मी पूर्वी परीक्षेतल्या गुणांसारखे वाचायचो. पण ते मोजायची सगळ्यांना सारखी अशी कुठलीही चाचणी नाही. तो ज्या त्या कंपनीचा अंदाज असतो. लडाखच्या सहलीसाठी बटणं हवीतच, या समजाचंही तेच. पुण्याहून मनाली गाठेपर्यंतच दोन हजार किलोमीटरच्या आसपास डांबर होतं. रोहतांगची चढण 2020 साली अटल बोगद्याने टाळली, आणि पुढे लेहपर्यंतही बहुतेक रस्ता पक्का झालाय. बटणं घरून घालून निघालात, तर त्यांची खरी गरज लागेपर्यंत मधली रांग बसलेली असते.

नक्षीच्या नादात मी हवेकडेही दुर्लक्ष केलं होतं. कच्च्या वाटेवर मागच्या चाकाची हवा 32 पीएसआयवरून 22 च्या आसपास आणली की टायर पसरतो, दगडाला बिलगतो आणि रस्त्याचा टायरही बरंच निभावून नेतो. ट्यूब असेल तर याहून फार खाली जाऊ नये. दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटली की शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. डांबर लागताच हवा पुन्हा भरायची, म्हणून छोटा पंप सामानात हवाच.

बटण टायरला मी नावं ठेवत नाही. रविवारचा रविवार एक्सपल्स घेऊन माळरानावर सराव करणाऱ्याने तेच घालावेत. त्याची पडण्याची जागा तीच आहे. पुढच्या चाकाबद्दल तर माझं मन अजून पुरतं वळलेलं नाही. वाळूत पुढचं चाक भरकटलं की खेळ संपतो, म्हणून निदान पुढे तरी बटणं असावीत असं वाटतं. पण डांबरावर ब्रेकचा मोठा भार तेच चाक घेतं, हे आठवलं की हात मागे येतो.

हल्ली कुणी विचारलं की मी कंपनी सांगत नाही. जुना टायर बघायला सांगतो: झीज मध्ये आहे की कडेला? मग विचारतो, पावसात तुम्ही सगळ्यात जोरात कुठे असता? उत्तर बहुतेक वेळा डांबर असतं. मी स्वतः चिखलात पूर्वीपेक्षा जास्त घसरतो, चढावर कधीकधी उतरून ढकलतोही. ते मला चालतं.