मोळीचा हिशेब
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात कुऱ्हाड तीन पिढ्यांची आहे. वही माझ्यापासून सुरू झाली. साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडचे आमचे गाव. आजोबा जंगल कामगार सोसायटीच्या कुपावर लाकूडतोडीला जात. जंगलाचे भाग पाडायचे, दरवर्षी एकच तोडायचा आणि पुन्हा त्या भागाकडे कित्येक वर्षांनी वळायचे, ही कुपाची रीत. सागाचा बुंधा जमिनीलगत, गुळगुळीत आणि पाणी निथळेल असा तिरपा तोडावा, म्हणजे फुटवा जोमाने येतो, हे ते अजूनही हाताने करून दाखवतात. सही मात्र येत नाही, अंगठाच.

भूगोलाच्या सरांनी वर्गात सांगितले, की पूर्ण वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कर्ब असतो. झाड तो हवेतून घेते, खोडात आणि मुळांत साठवते. काही पाल्यावाटे मातीत उतरतो. एक किलो कर्ब जळाला की सुमारे ३.६७ किलो कर्बवायू तयार होतो. मी वहीच्या मागच्या पानावर आईची मोळी मांडली. वीस किलो लाकूड, दहा किलो कर्ब, म्हणजे सदतीस किलोंच्या आसपास वायू! सुट्टीत घरी गेल्यावर हा हिशेब आईला वाचून दाखवला. भाकरी थापता थापता तिने तो ऐकून घेतला आणि विचारले, "तुना पुस्तकमा चूल शे का?"

गॅसची टाकी आमच्याकडे आहे. पाहुणे आले की ती पेटते. ती भरायची म्हणजे मजुरीचे दिवस मोजावे लागतात. मोळीला फक्त पाय लागतात.

शिवाय माझा हिशेब पानाच्या अर्ध्यावरच थांबतो. जंगलात पडलेली वाळकी फांदी वाळवी खाणारच. तिच्यातला कर्ब आज ना उद्या हवेत जाणारच. तोडलेल्या बुंध्याला फुटवा आला आणि तो वाढला, तर गेलेला कर्ब हळूहळू परत येतो. खरा प्रश्न वेगाचा आहे. जंगल वाढते त्याहून अधिक आपण नेतो का? कर्ब हा शब्द न ऐकलेल्या आजोबांच्या कुपात हे गणित होतेच. बिघडते ते फुटवा शेळीच्या तोंडी गेला की, किंवा मोहाच्या दिवसांत फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवला की. तो वणवा होऊन रोपांनाही खातो.

आमच्याच तालुक्यातल्या बारीपाड्याने हे थांबवले. एम. कॉम. झालेल्या चैत्राम पवारांनी १९९० नंतरच्या वर्षांत गावकऱ्यांना एकत्र केले. झाड तोडले तर दंड, चराईला बंदी, राखण गावाचीच. उजाड डोंगरावर सुमारे ४०० हेक्टर जंगल उभे राहिले, विहिरींना पाणी आले. २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तेथे २००४ पासून वनभाज्यांची स्पर्धा भरते. मैत्रिणींबरोबर मीही ती पाहायला गेले होते. साऱ्याजणी भाज्यांची नावे लिहून घेत होत्या. मी मात्र स्वयंपाक कशावर झाला असेल याचाच विचार करीत होते.

पॅरिस कराराच्या वेळी, २०१५ साली, भारताने जगाला सांगितले, की २०३० पर्यंत झाडे आणि जंगले वाढवून अडीच ते तीन अब्ज टन कर्बवायू जास्तीचा साठवू. अब्जावर शून्ये किती, हे मला बोटावर मोजावे लागले. त्या आकड्यात आईचे सदतीस किलो कोठे बसतात? आणि तिने ते वाचवले, तर तिच्या चुलीत काय घालायचे?

२००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाच्या ग्रामसभेला आपले जंगल राखता येते. हे मी आजोबांना समजावून सांगितले. गावामागची टेकडी राखायचा विषय ग्रामसभेत काढायला ते तयार आहेत. आईने मात्र त्यांना आत्ताच बजावून ठेवले आहे, की बायकांनी लाकूड कोठून आणायचे ते आधी ठरवा, नाहीतर विरोधातला पहिला हात माझा असेल.