उसाच्या बेटावरचं जेवण

होनोलुलू, मंगळवार

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. समुद्र, नारळ आणि डोंगरावरचा पाऊस यांचं वर्णन फोनवर झालंच आहे, म्हणून पत्रात थेट जेवणावर येते. निघताना तू विचारलं होतंस, 'तिकडे पोटाला काय मिळणार?' समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलांत सगळं मिळतं आणि पाकीट रिकामं होतं. ओआहू बेटावरची कामाला जाणारी माणसं मात्र दुपारी लंच वॅगनवर जेवतात. मीही तिथेच जेवते आहे.

लंच वॅगन म्हणजे टेम्पोएवढी बंद गाडी. एका अंगाला खिडकी, तिच्यावर वर उचलून टेकवलेलं झाकण, शेजारी पदार्थांची पाटी. आत दोघं-तिघं घामाघूम होऊन रांधत असतात. १९३०च्या दशकापासून अशा गाड्या गोदीवर आणि बांधकामांवर मजुरांसाठी उभ्या राहत आल्या आहेत. आजही त्या गोदामांच्या वस्तीत, कचेऱ्यांजवळ आणि मानोआच्या विद्यापीठात सापडतात.

मी काकाआकोत जेवले. हा बंदराजवळचा जुन्या गोदामांचा भाग, आता तिथे उंच इमारती उठताहेत. अकरालाच रांग लागली होती. पुढे चिखलाचे बूट घातलेले बांधकामावरचे गडी, मागे दवाखान्याच्या कपड्यांतल्या दोन बायका. ताटाला इथे 'प्लेट लंच' म्हणतात आणि त्याचा साचा ठरलेला असतो. आइस्क्रीमच्या गोल डावाने काढलेले भाताचे दोन गोळे, मॅकरोनी सॅलडचा एक, आणि उरलेल्या जागेत मुख्य पदार्थ. मी शोयू चिकन घेतलं. सोयासॉस, साखर, आलं आणि लसूण यांत कोंबडी मंद आचेवर इतकी शिजवलेली की हाडावरून मांस बोटाने सुटतं. तो खारट-गोड रस भाताच्या गोळ्यात खालून मुरत जातो. भात चिकट असल्यामुळे गोळा मोडत नाही, शेवटच्या घासापर्यंत रस धरून ठेवतो. मॅकरोनी थंड आणि मेयोनीजमध्ये भिजलेली. वाचून तुला पटणार नाही, पण गरम, खारट घासामागे तो थंड, मऊ घास हवाच.

पाटीवर आणखी काय काय होतं ते लिहिते, कारण मला त्याचंच नवल वाटलं: चिकन कात्सू जपानचं, काल्बी कोरियाचं, पोर्क अडोबो फिलिपिन्सचं, लाउलाउ इथल्या मूळ हवाईयन लोकांचं. लाउलाउ म्हणजे अळूच्या पानांत गुंडाळून वाफवलेलं डुकराचं मांस. हो, आपलाच अळू! इथे त्याला कालो म्हणतात, आणि कंद कुटून त्याची पोई करतात. इतक्या देशांचे पदार्थ एका टेम्पोत एकत्र कसे आले, ते शोधायला उद्या वाइपाहूला जाते आहे.

तोवर तुझ्यासाठी नियम. अकरा ते साडेबाराच्या आत जावं, कारण एकनंतर पाटीवरचे चांगले पदार्थ एकेक करून खोडले जातात. भूक बेताची असेल तर 'मिनी' मागावं, त्यात भाताचा एकच गोळा येतो. जवळ रोख पैसे असावेत. आणि गाडीवर आरोग्य खात्याचं हिरवं कार्ड लावलेलं बघावं. तपासणीत पास झालेल्यांना हिरवं, त्रुटी निघालेल्यांना पिवळं, बंद करायला लावलेल्यांना लाल, अशी पद्धत इथे २०१४ पासून आहे.

तुझी भाची


वाइपाहू, बुधवार

ती. आत्यास,

आज दिवसभर उसात होते म्हणायला हरकत नाही. वाइपाहू हे साखर कारखान्याचं गाव. कारखाना १९९५ मध्ये बंद झाला, धुराडं अजून उभं आहे. शेजारीच मळ्यावरच्या मजुरांच्या घरांचं संग्रहालय आहे. चिनी, जपानी, पोर्तुगीज, कोरियन, फिलिपिनो, पोर्तो रिकन, प्रत्येकाचं घर वेगळं मांडलेलं. आपल्याकडे उसाच्या हंगामात टोळ्या येतात आणि पट्टा पडला की परत जातात. इथे टोळ्या जहाजांतून आल्या आणि पुष्कळ जण इथलेच झाले.

क्रम असा. हवाईतला पहिला मोठा ऊसमळा १८३५ मध्ये काउआई बेटावर सुरू झाला. बाहेरून आलेल्या रोगांनी मूळ हवाईयन लोकांची संख्या झपाट्याने घटत होती, म्हणून मळेवाल्यांनी माणसं बाहेरून आणली. १८५२ मध्ये चिनी, १८७८ मध्ये मदेइरा बेटावरचे पोर्तुगीज, १८८५ पासून मोठ्या संख्येने जपानी, १९०० मध्ये पोर्तो रिकन, १९०३ मध्ये कोरियन, १९०६ मध्ये फिलिपिनो. जपानी मजुरांच्या करारात शेतातलं काम रोज १० तास आणि महिन्याला २६ दिवस असं लिहिलेलं होतं. मुकादम घोड्यावरून फिरायचा, त्याला लूना म्हणत. प्रत्येक मजुराला धातूचा क्रमांकाचा बिल्ला असे, बांगो. पगार त्या आकड्यावर, दुकानातली उधारीही त्याच आकड्यावर. मी काचेमागचा एक बिल्ला बराच वेळ बघत होते. रुपयाएवढं पितळ, वर भोक, खाली आकडा, नाव कुठेच नाही.

तुला ठाऊक नसेल अशी एक गोष्ट. इथला राजा कालाकाउआ १८८१ मध्ये जगाच्या प्रवासाला निघाला. मळ्यांसाठी माणसं कुठून आणता येतील, हे बघणं हा त्या प्रवासाचा एक हेतू होता. कलकत्त्याहून रेल्वेने देश ओलांडून तो आपल्या मुंबईला आला होता. पुढे हिंदुस्थानी मजूर हवाईला मोठ्या संख्येने आलेच नाहीत. ते फिजीला गेले, मॉरिशसला तर त्याच्या कितीतरी आधीपासून जात होते, आणि मॉरिशसच्या त्या उसात आपली मराठी माणसंही होती. राजाचा तो हेतू तडीस गेला असता, तर काकाआकोच्या पाटीवर आज भाकरी आणि झुणकाही असता.

आता मुख्य वस्तू. मजुरांचा डबा, काउकाउ टिन. पत्र्याचे दोन थर. खालच्यात भात, वरच्यात कालवण किंवा लोणचं, खारवलेली मासळी, जे असेल ते. तुझ्या खानावळीतून कारखान्यावर जायचे ना दुमजली डबे, हुबेहूब तसा. पहाटे भरायचा आणि सकाळी अकराच्या सुमारास बांधावर बसून उघडायचा. वस्त्या मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या होत्या. पगारही वंश पाहून कमी-जास्त, म्हणजे एकांनी संप केला की दुसऱ्यांना कामावर घेता येई. पण जेवायच्या सुट्टीत डबे शेजारी शेजारी उघडत आणि वरचा थर हातोहात फिरे. जपान्याची लोणच्याची फोड फिलिपिनोकडे, त्याच्या अडोबोचा तुकडा कोरियनाकडे, त्याची किमची पुढे. भात प्रत्येकाचा आपापला, कालवण सगळ्यांचं. प्लेट लंचमध्ये आजही भात ठरलेला आणि कालवण कुठल्याही देशाचं असतं, ते याच बांधावरून आलं.

१९४६ मध्ये सगळ्या वंशांच्या साखर कामगारांनी एका संघटनेखाली ७९ दिवस संप केला आणि जिंकला. वस्त्यावस्त्यांत सामुदायिक स्वयंपाकघरं चालली. कुणी मासे धरून आणले, कुणी रानडुकरं मारली, कुणी भाजी पिकवली. ज्यांनी वर्षानुवर्षं एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं होतं, त्यांना एका पंक्तीला बसणं परकं वाटलं नसणार. तू म्हणतेस ना, एकत्र जेवलेली माणसं लवकर फुटत नाहीत. त्याचा पुरावा मला इथे मिळाला.

तुझी भाची


काहुकू, शुक्रवार

ती. आत्यास,

होनोलुलूहून साधी सिटी बस बेटाच्या पूर्व काठाने काहुकूवरून हालेइवापर्यंत जाते. वेळ पुष्कळ लागतो, पण उजवीकडे समुद्र आणि डावीकडे घड्या पडलेले हिरवे कडे, त्यामुळे प्रवास कंटाळवाणा होत नाही. काहुकूतही साखर कारखाना होता, तो १९७१ मध्ये बंद पडला. काम गेलेल्या या भागात मग कोळंबीची तळी आली आणि तळ्यांमागून रस्त्याकडेला कोळंबीच्या गाड्या आल्या.

सगळ्यांत नावाजलेली जोवानीज. ती १९९३ पासून आहे. पांढरी जुनी गाडी, तिच्यावर गिऱ्हाइकांनी केलेल्या सह्या इतक्या की मूळ रंग शोधावा लागतो. थोडं पुढे तळ्यांच्या कडेला रोमीज आणि फुमीज. माझं ताट असं होतं: सालासकट दहा-बारा कोळंब्या, लोण्यात परतलेली लसूण ओंजळभर, भाताचे दोन गोळे, लिंबाची फोड. लसूण बारीक चिरलेली, कडांना तांबूस झालेली आणि मध्ये मऊ. कोळंबी पाठीवरून चिरलेली असते, त्या चिरेत ती लसूण गच्च बसते. साल आधी सोलायचं नाही. आधी चोखायचं, मग सोलायचं, मग मांस भातावर उरलेल्या लोण्यात फिरवून खायचं. काटा-चमचा बाजूला ठेवावा लागतो. बाकांवर सगळेच कोपरापर्यंत माखलेले आणि सगळेच गप्प. कोळंबीची कढी करणाऱ्या बाईला या स्वयंपाकात मसाला कमी वाटेल. पण लसूण किती वेळ परतायची आणि कुठे थांबायचं, हे त्या गाडीतल्या माणसाला नेमकं कळलेलं आहे.

तिखट मागताना जपून मागायला सांगतात. मी मागितलं, आणि तुझ्या ठेच्यावर वाढलेल्या जिभेलाही ते लागलं. एक सूचना: प्रत्येक गाडीवरची कोळंबी मागच्या तळ्यातलीच असते असं नाही, गोठवलेलीही असते. विचारलं की सांगतात, म्हणून विचारावं. आतोबांसाठी याच रस्त्यावर काहुकूची मक्याची कणसं मिळतात, दाणा कोवळा आणि भलताच गोड.

तुझी भाची


हालेइवा, रविवार

ती. आत्यास,

शनिवार-रविवारी हालेइवाच्या रस्त्याला धुराचा वास येतो. लांब लोखंडी सळ्यांवर ओळीने कोंबड्या, खाली किआवेचे निखारे. किआवे म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीचं जवळचं भावंड. सळ्या सतत फिरवत राहायच्या, म्हणून नाव हुलीहुली, हवाईयन भाषेत उलट-पालट. १९५५ मध्ये अर्नेस्ट मॉर्गाडो यांनी शेतकऱ्यांच्या एका बैठकीसाठी सोयासॉस आणि आल्याच्या रसात मुरवलेली अशी कोंबडी भाजली. पुढे शाळा आणि संस्था निधी जमवायला अशाच कोंबड्या भाजून विकू लागल्या. कुठल्या शाळेच्या मैदानावर असा धूर दिसला, तर तिथूनच घ्यावी. पोट भरतं आणि पैसे मुलांच्या उपयोगी पडतात.

आतोबांची काळजी तुला असणार, म्हणून शाकाहाराचंही बघून ठेवलं. पुष्कळ गाड्यांवर टोफूची प्लेट मिळते. मॅकरोनीत अंड्याचं मेयोनीज असतं, तेवढं वगळायला सांगावं. अननसाच्या फोडींवर ली हिंग मुईची पूड टाकून देतात. ही चिन्यांनी आणलेली, खारवून वाळवलेल्या आलुबुखाराची आंबट-खारट-गोड पूड. आवळकाठी आवडणाऱ्याला ती आवडेलच. मात्सुमोतो यांचं १९५१ पासूनचं दुकान इथेच आहे, तिथे भुशासारखा किसलेला बर्फ सरबत घालून देतात. आणि मालासादा खायलाच हवा. यीस्टने फुगवून तळलेला, साखरेत घोळवलेला पोर्तुगीज गोळा, पण त्यात अंडं असतं. होनोलुलूत लेनर्ड्सची बेकरी १९५२ पासून तो करते, त्यांच्या फिरत्या गाड्याही आहेत. गाडीजवळ उभं राहून लगेच खावा, निवल्यावर त्यात राम नाही.

हवाईतला शेवटचा साखर कारखाना, माउई बेटावरचा, २०१६ मध्ये बंद झाला. मळेवाल्यांनी इथे सत्ता गाजवली, राजेशाही गेली, साखरही गेली. मजुरांनी बांधावर जुळवलेलं ताट मात्र रोज अकरा वाजता शेकडो खिडक्यांतून बाहेर येतं. बिल्ल्यावर ज्यांचं नाव घालायची कुणाला गरज वाटली नाही, त्यांनी या बेटांना त्यांचं जेवण दिलं. म्हणून मला वाटतं, इथे येणाऱ्याने एकदा तरी या गाड्यांसमोर रांगेत उभं राहावं, आणि खाताना हे ताट कुणाचं, ते माहीत असावं.

तुम्ही दोघं हिवाळ्यात येणार असाल तर असं करा. पहिल्या दिवशी वाइपाहूचं संग्रहालय बघा, नंतर शहरात लंच वॅगनवर जेवा. तो क्रम मोडू नका. दुसऱ्या दिवशी बसने काहुकू, परत येताना मका. शनिवार हालेइवासाठी राखून ठेवा. आणि कुठे जेवायचं असा प्रश्न पडला की गर्दी मोजू नका, रांगेतले बूट बघा. जिथे कामावरून आलेली माणसं उभी आहेत, तिथे बेधडक उभं राहा.

आतोबांना नमस्कार. धाकट्यांना आशीर्वाद.

तुझी भाची