आजींनी मध का नाकारला?

"डॉक्टर, रोज सकाळी कोमट पाण्यात मध घेतला तर चालेल ना?" हा प्रश्न तुमच्यापैकी कुणी ना कुणी दर आठवड्याला विचारतंच. काही वर्षांपूर्वी एका जैन आजींनी मात्र मलाच निरुत्तर केलं. खोकल्यासाठी आल्याच्या रसात मध घ्या, असं मी त्यांना सांगितलं होतं.

"आमच्यात मध खात नाहीत हो."

"औषध म्हणून घ्यायला काय हरकत आहे?" मी जरा तोऱ्यातच म्हणालो.

"त्याच्याशिवाय खोकला बराच होणार नसेल, तर तसं सांगा."

तसं मला सांगता येईना. सर्दीचा साधा खोकला आपोआप बरा होतो. मधाने घशाला थोडा आराम पडतो, इतकंच. मी खडीसाखर आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या.

घरी जाताना लहानपण आठवलं. गावच्या वडावरचं आग्यामोहोळ रात्री पेटत्या चुडीने उतरवलं होतं. सकाळी झाडाखाली होरपळलेल्या माश्यांचा सडा! पोळं फडक्यात घालून पिळलं, तेव्हा मधाबरोबर आतल्या अळ्याही पिळल्या गेल्या. आणि आम्ही पोरं बोटं चाटत होतो. आजी 'नको' म्हणत होत्या ते याच मधाला.

पुढे महाबळेश्वरजवळच्या मांघरला गेलो. हे गाव 2022 मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. तिथे सातेरी माश्यांच्या पेट्या पाहिल्या. पेटीत खालच्या मजल्यावर अंडी-अळ्या, वरच्या मजल्यावर मध. वरच्या चौकटी यंत्रात गरगर फिरवून मध काढतात आणि पोळं जसंच्या तसं परत ठेवतात. माश्या मरत नाहीत असं नाही, पण तो सडा पडत नाही. तरी प्रश्न उरतोच. माश्या मध साठवतात तो स्वतःच्या पोटासाठी, फुलं नसलेल्या दिवसांत खायला. सगळा मध काढून त्यांना साखरेच्या पाकावर जगवायचं, की त्यांच्या वाटणीचा पेटीत ठेवायचा, हे मधपाळावर अवलंबून. मध घेताना तेवढं विचारून पाहा.

मी स्वतः मध सोडलेला नाही. पेटीतला, कधीमधी खातो. तुम्ही सोडला असेल, तर तब्येतीचं काहीही अडत नाही. मधुमेह असणाऱ्यांनी तर लक्षात ठेवावं, चहाच्या एका चमचाभर मधात सहा ग्रॅमच्या आसपास साखर असते.

एका ठिकाणी मात्र मी ऐकून घेत नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचासुद्धा नाही, मग तो पेटीतला असो वा जंगलातला. त्यात बोट्युलिझमच्या जिवाणूंची बीजं असू शकतात, आणि बाळाचे स्नायू लुळे पडून श्वासावर बेतू शकतं.

मोठ्यांच्या बाबतीत हल्ली मध सुचवण्याआधी विचारून घेतो, "तुमच्याकडे चालतो ना?"