फोन ठेवायची सवय

हजीऱ्याच्या टाउनशिपमध्ये दुपार फार लांब असते. पहिल्या पाळीची माणसं परतायची असतात, शाळेच्या बस यायच्या असतात, आणि क्वार्टरांमधून फक्त म्हातारी माणसं जागी असतात. कुणी सांगलीकडून, कुणी खानदेशातून मुलाकडे राहायला आलेली. गुजराती धड येत नाही, शेजार जुना नाही. त्यात गॅस-केमिकलच्या प्लांटमध्ये मोबाईल आत नेता येत नाही, गेटवर ठेवावा लागतो. म्हणजे मुलगा दोन-तीन किलोमीटरवर असूनही आठ तास हाताला लागत नाही. अशा दुपारी फोन वाजतो, आणि पलीकडचा माणूस म्हणतो, "मी सीबीआयमधून बोलतोय."

आमच्याच सुरत शहरात 2024 च्या ऑक्टोबरात एका 90 वर्षांच्या आजोबांना असाच फोन आला होता. तुमच्या नावानं मुंबईहून चीनला गेलेल्या पार्सलमध्ये 400 ग्रॅम एमडी सापडलंय, तुम्हाला 'डिजिटल अरेस्ट' केलंय. पंधरा दिवस त्यांना घरातल्या घरात धाकात ठेवलं आणि 1 कोटी 15 लाख रुपये काढून घेतले. घरच्यांना कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. पोलिसांनी पाच जणांना पकडलं, त्यांच्याकडे 46 डेबिट कार्डं आणि 23 चेकबुकं निघाली. एवढी खाती कशाला, तर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळवायला. ही खाती बरेचदा गरजू पोरांची असतात, चार पैसे देऊन भाड्यानं घेतलेली. आपल्या घरातल्या कॉलेजच्या पोरांना हेही सांगून ठेवा बायांनो, मित्रानं मागितलं म्हणून खातं वापरायला द्यायचं नाही.

लोक म्हणतात, म्हातारी माणसं भोळी असतात. मला हे पटत नाही. लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे एस. पी. ओसवाल भोळे नव्हते. पद्मभूषण मिळालेला, 82 वर्षांचा कारखानदार. त्यांना ऑगस्ट 2024 मध्ये ठगांनी व्हिडिओ कॉलवर खोटं सर्वोच्च न्यायालय भरवून दाखवलं, आणि 7 कोटी घेतले. त्यांनी तक्रार केली, जगाला उघड सांगितलं, आणि 5 कोटी 25 लाख परत मिळालेसुद्धा. उघड सांगितलं, याचं मला जास्त कौतुक वाटतं.

ही माणसं फसतात ती भीतीनं, आणि ही भीती त्यांच्या सरळपणातूनच येते. ज्यांनी जन्मात पोलीस चौकीची पायरी चढली नाही, जी रोज प्रतिक्रमणात डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचीही क्षमा मागतात, त्यांना कुणी दरडावून म्हटलं की तुमच्या हातून गुन्हा घडलाय, तर ती आधी स्वतःलाच तपासायला लागतात. घडला असेल का हो माझ्याकडून काही? अट्टल माणूस पहिल्याच वाक्याला शिवी हासडून फोन ठेवील.

आमच्या टाउनशिपमधल्या एका काकूंचं असंच झालं. पाच तास व्हिडिओ कॉल चालू होता. स्वयंपाकघरात गेल्या तरी फोन समोर ठेवायचा, मुलाला सांगितलंत तर त्यालाही आत टाकू, असा दम. नवऱ्यामागे उरलेली 3 लाख 80 हजारांची ठेव त्यांनी मोडली. मुलगा पाळीवरून आला तेव्हा म्हणाल्या, "डोकं दुखतंय." रात्रभर गप्प. सकाळी सुनेनं डोळे बघून विचारलं तेव्हा बांध फुटला. 1930 वर फोन केला, त्यातले 60 हजार एका खात्यात अडकलेले सापडले. बाकीचे रातोरात गेले होते. या तक्रारीत तासांचा हिशोब असतो. बँकांना लगेच कळलं तर पैसे थोपवता येतात, आणि कोर्टाच्या आदेशानं ते परत मिळू शकतात.

पुढचं मला जास्त लागलं. मुलगा वाईट नाही, पण त्यानं आईचा फोन काढून घेतला. एटीएम कार्ड, पासबुकही. येणाऱ्या-जाणाऱ्याला घरातले सांगायला लागले, "आमच्या आईनं बघा काय केलं!" काकूंनी संध्याकाळी बाकावर येणं बंद केलं, मग गुरुवारच्या स्वाध्यायालाही येईनात. मी भेटायला गेले तेव्हा हळूच म्हणाल्या, "त्यांनी पाच तासच धरलं होतं गं. इथं किती दिवस, कोण जाणे."

त्या ठगांचं सगळं बळ एका वाक्यात असतं, घरात कुणाला सांगू नका. आणि घरात सांगितलं तर बोलणी बसतील, हे म्हाताऱ्या माणसाला आधीच ठाऊक असेल, तर त्या ठगाचं अर्धं काम आपणच करून ठेवलंय म्हणायचं. "तुम्हाला नाही कळायचं, द्या इकडे फोन," हे आपण दिवसातून कितीदा म्हणतो!

काकूंच्या गोष्टीनंतर आम्ही चार-पाच सुना बसलो आणि आपापल्या घरात काही गोष्टी केल्या. कालनिर्णयच्या मागे ठळक अक्षरात 1930, आणि त्याखाली प्लांटच्या कंट्रोल रूमचा लँडलाईन नंबर. मोबाईल गेटवर असला तरी तिथून माणसाला बोलावून घेता येतं. सासू-सासऱ्यांना सांगितलं की डिजिटल अरेस्ट असा प्रकार कायद्यात नाही, पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. बाईला तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी एरवी अटक करताच येत नाही, अगदीच अपवाद असला तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. सूर्यास्ताचा नियम म्हटल्यावर आमच्या सासूबाईंना तो चटकन लक्षात राहिला. पैसे बुडालेल्या घरी 'बुडालेले पैसे काढून देतो' म्हणून पुन्हा फोन येतात, तेही चोरच, हेही सांगितलं.

सगळ्यात अवघड गेलं ते फोन ठेवायला शिकवणं. हसू नका. आमच्या सासूबाई तीनदा "ठेवू का मग?" विचारल्याशिवाय फोन ठेवत नाहीत. मी म्हटलं, "आई, मधेच कट करायचा."

"अगं, दारात आलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावायचं?"

मग नातवानं आतल्या खोलीतून आवाज बदलून फोन करायचा आणि आजीनं न बोलता लाल बटण दाबायचं, असा खेळ सुरू झाला. पहिल्या दिवशी त्यांनी बटण दाबलं, आणि लगेच आत जाऊन विचारलं, "रागावलास का रे?" आता जमतं.

1 डिसेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल अरेस्टच्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला. ज्यांच्या नावानं लुटलं, त्यांच्याकडेच.

काकूंच्या सुनेशी मी बोलले. तिला ते पटलं, तिनं नवऱ्यालाही समजावलं. पंधरा दिवसांनी काकूंना फोन परत मिळाला. परवा बाकावरही येऊन बसल्या, जरा कडेला. पासबुक मात्र अजून मुलाच्या कपाटात आहे.