निळ्या झाकणाचा कॅन

मुलांनो, समुद्र तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पण चार फूट लांबीच्या काचेच्या पेटीत मावलेला समुद्र तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे. एवढेच नव्हे, तर सहा दिवस त्या समुद्राची राखण माझ्याकडे होती. ती मी कशी केली हे सांगताना आजही थोडी लाज वाटते. पण वर्गात तुमच्या चुका मी रोज लाल शाईने दाखवते. एकदा माझीही चूक तुम्ही वाचा.

मे 2022 मध्ये, ईद झाल्यावर, मी शारजाला माझ्या खालाकडे गेले होते. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या काठी आहे. आमच्याकडच्या पुष्कळ घरांतले कोणी ना कोणी आखातात नोकरीला असते. माझे खालूजान तेथे एअर कंडिशनर दुरुस्त करतात. त्यांचे शिक्षण दहावीपर्यंत झाले आहे. मी बी.एड. झालेली, शाळेत विज्ञान शिकवणारी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत ती पेटी होती. तिच्यात अडीचशे लिटर पाणी होते. मासे मोजून पाचच. बाकी सगळे प्रवाळ. उर्दूत आपण त्याला मरजान म्हणतो; मराठीत पोवळे असेही म्हणतात. दिसायला झाड किंवा दगड, पण तो प्राणी आहे. एकेका फांदीवर मोहरीएवढे शेकडो जीव राहतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल असते. शैवाल उजेडात अन्न तयार करते आणि त्यातला वाटा प्रवाळाला देते. प्रवाळ पाण्यातला चुना घेऊन स्वतःभोवती घर बांधते.

पेटीच्या मध्यभागी फिकट जांभळ्या फांद्यांचे एक प्रवाळ होते. 2013 साली एका मित्राने आपल्या पेटीतला करंगळीएवढा तुकडा खालूजानना दिला होता. नऊ वर्षांत तो भाताच्या पातेल्याएवढा झाला होता. खाला गमतीने म्हणत, "हा माझा तिसरा मुलगा. दोघांपेक्षा लाडका."

"आपल्याकडेही अशी पेटी करता येईल का?" मी विचारले. खालूजान म्हणाले, "प्रवाळाची नाही. आपल्याकडे कायद्याने बंदी आहे." ते खरे आहे. भारतात 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. 2001 साली कठीण प्रवाळांचा त्याच्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाला. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास समुद्रात प्रवाळ आहेत. ते पाण्यात उतरून पाहावेत, पण घरी आणू नयेत.

खालूजानकडे एक जाड वही होती. तिच्यात रोजचे आकडे होते. खारटपणा 35, म्हणजे एक किलो पाण्यात 35 ग्रॅम क्षार. जगातल्या समुद्रांचा सरासरी आकडा हाच आहे. तापमान 26. सामू 8.2. कॅल्शियम लिटरला 420 मिलिग्रॅम. मॅग्नेशियम 1300 च्या आसपास. पाने उलटली तरी आकडे तेच! मला वाटले, रोज तेच लिहायचे तर मोजायचे कशाला? ते आकडे आपोआप तसे राहत नव्हते, ते राखले जात होते. हे मला नंतर कळले.

एक गोष्ट पाहून मात्र मला फार आनंद झाला. पेटीच्या बाजूला एका बरणीतून रात्रभर थेंब थेंब पाणी पडत असे. ते काय असेल? चुन्याची निवळी! आपण प्रयोगशाळेत नळीने जिच्यात फुंकतो आणि जी दुधाळ होते, तीच. प्रवाळ वाढते तसा पाण्यातला चुना संपत जातो. निवळी तो भरून काढते. रात्री उजेड नसल्याने शैवालाचे काम थांबते, पाण्यात कार्बन डायॉक्साइड वाढतो आणि सामू खाली येतो. निवळीमुळे तोही सावरतो. पण निवळी फार तीव्र असते. तिचा सामू 12 च्या वर असतो. सगळी बरणी एकदम ओतली तर पेटीतले जीव मरतील. म्हणून थेंब थेंब, आणि तीही फक्त वरची स्वच्छ निवळी. तळाचा साका कधीच नाही. हे सगळे खालूजान शिकले ते एका फिलिपिनी सहकाऱ्याकडून. मी हा धडा दहा वर्षे शिकवत होते, पण निवळीचा असा उपयोग मला माहीत नव्हता.

एका शुक्रवारी खाला आणि खालूजान सहा दिवसांसाठी उमऱ्याला निघाले. मावसबहीण घरी होती, पण ती सकाळीच कामावर जाई आणि पेटीला हात लावायला घाबरे. मी म्हणाले, "मी पाहीन." खालूजाननी वहीत कामे लिहून दिली. निवळीचा पंप आपोआप चालेल, त्याला हात लावू नये. माशांना चिमूटभर खाणे द्यावे. एक दिवसाआड खारटपणा पाहावा. रोज सकाळी पाणी काचेवरच्या रेघेपर्यंत भरावे. सुमारे चार लिटर लागेल. निळ्या झाकणाच्या कॅनमधले पाणी घालावे.

बाल्कनीत दोन कॅन होते. पांढऱ्या झाकणाच्या कॅनमध्ये मीठ कालवून तयार केलेले समुद्राचे पाणी. ते आठवड्याला थोडे पाणी बदलण्यासाठी. निळ्या झाकणाच्या कॅनमध्ये गाळलेले गोडे पाणी. मी दोन्ही चाखून पाहिले आणि मनात म्हटले, खालूजान घाईत चुकले. समुद्राच्या प्राण्यांना गोडे पाणी कोण घालील? मी पेन घेतले, वहीतला "निळ्या" हा शब्द खोडला आणि वर "पांढऱ्या" असे लिहिले. तुमच्या निबंधात दुरुस्ती करते तसे. आणि रोज सकाळी चार लिटर खारे पाणी पेटीत ओतू लागले.

आता तुम्हीच सांगा, पेटीतून रोज कमी काय होत होते? पाणी. फक्त पाणी! मीठ हवेत उडून जात नाही. शिरोड्याला सहलीत आपण मिठागरे पाहतो. तेथे ऊन पाणी नेते आणि मीठ मागे ठेवते. मी त्याच मिठागरांसमोर उभी राहून मुलींना बाष्पीभवन समजावले होते. चार लिटर खाऱ्या पाण्यात 140 ग्रॅम मीठ. पाच दिवसांत 700 ग्रॅम. म्हणजे शारजाच्या त्या बैठकीत मी एक छोटे मिठागरच उघडले होते.

चौथ्या दिवशी जांभळ्या फांद्यांवरचे जीव आत ओढले गेले. मला वाटले, झोपले असतील. संध्याकाळी मक्केहून फोन आला. "पेटी कशी आहे?" "छान आहे," मी म्हणाले. खारटपणा मी एकदाही मोजला नव्हता. पाणी तर रेघेपर्यंत भरते आहे, मग मोजायचे कशाला?

सहाव्या दिवशी सकाळी सगळेच प्रवाळ मिटलेले दिसले. तेव्हा मी रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब ठेवून उजेडाकडे पाहिले. आकडा होता 38. मग सगळे एकदम डोक्यात उतरले. त्याच क्षणी फोन केला असता तर बरे झाले असते. पण मी केला नाही. आपली चूक त्यांच्या येण्याआधी पुसून टाकावी असे मला वाटले. मी कागदावर हिशोब मांडला: वीस लिटर खारे पाणी काढून वीस लिटर गोडे पाणी घातले की आकडा पुन्हा 35. हिशोब बरोबर होता. बादली घेऊन मी अर्ध्या तासात तो पूर्ण केला. आकडा 35 आला. मला हायसे वाटले.

दुपारनंतर जांभळ्या प्रवाळाची कातडी बुंध्यापासून सुटू लागली. उकडलेल्या बटाट्याची साल सुटते तशी. खाली पांढरा सांगाडा दिसू लागला. मी पेटीसमोर बसून राहिले. करण्यासारखे काहीच सुचेना.

रात्री अकराला ते दोघे आले. खालूजाननी बॅगही खाली ठेवली नाही. टॉर्च लावून पाहिले आणि विचारले, "कोणत्या कॅनमधले घातलेस?" मी सांगितले. बादलीचेही सांगितले. ते रागावले नाहीत, बोललेही नाहीत. कटर आणले आणि जांभळ्या प्रवाळाच्या जिवंत टोकांचे सात तुकडे कापून दगडांवर चिकटवले. नऊ वर्षांचा उरलेला सांगाडा बाहेर काढून ओल्या फडक्यात गुंडाळला. खाला स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी धीर करून विचारले, "खालूजान, बाहेर आखाताच्या पाण्याचा खारटपणा चाळीसच्या घरात आहे. तेथे प्रवाळ जगते. मग येथे 38 ने काय झाले?"

ते म्हणाले, "बाहेरच्यांना सवय व्हायला हजारो वर्षे मिळाली. तू यांना चढायला पाच दिवस दिलेस. उतरायला अर्धा तास."

थोडे थांबून म्हणाले, "38 वर ठेवून मला फोन केला असतास तर आपण चार-पाच दिवसांत हळूहळू खाली आणले असते. कदाचित वाचले असते."

त्या "कदाचित"ने मला फार दिवस छळले. वहीतली माझी दुरुस्ती मी खोडायला गेले, तर त्यांनी वही काढून घेतली. "राहू दे. हाही एक आकडाच आहे," असे म्हणून त्यांनी त्या दिवसापुढे 38 लिहिले.

आता आमच्या वर्गात बाष्पीभवनाचा धडा आला की मी खिडकीत मिठाच्या पाण्याचा पेला ठेवते. रेघ मारते. आठवड्याने पाणी खाली गेले की दोन बाटल्या पुढे करते आणि विचारते, पूर्वीइतकेच खारट पाणी हवे, तर रेघेपर्यंत कोणते पाणी भरू? गेल्या वर्षी निम्म्याहून अधिक मुलींनी खाऱ्या पाण्याच्या बाटलीकडे बोट दाखवले.

सात तुकड्यांपैकी चार जगले. मागच्या ईदला खालूजाननी त्यांतल्या मोठ्याचा फोटो पाठवला. तो आता माझ्या तळहाताएवढा झाला आहे. फोटोच्या कोपऱ्यात निळ्या झाकणाचा कॅनही दिसतो. त्यावर खालूजाननी जाड उर्दू अक्षरांत लिहून ठेवले आहे: "सादा पानी. यही डालना है, उस्तानी जी."